कुमुदचा सीआरपी

नोएडा, सेक्टर १९
९ ऑगस्ट १९९८

प्रिय मेहुणीबाई,

हे पत्र मी लिहितो आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तू पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. एरवी मिरजेची पत्रं तुझी बहीण लिहिते. पण सध्या तिला पेन धरवत नाही. समोर बसून ती मला गवार मोडायला शिकवते आहे आणि मध्येच हा मजकूर चालू आहे, तेव्हा शाईत हिरवा डाग दिसला तर समजून घे.

एप्रिलपासून सकाळी उठल्यावर तिची मूठ मिटत नव्हती. तासाभराने बोटं मोकळी व्हायची. आर. के. पुरमचं सरकारी घर सोडून इकडे आलो तेव्हा खोकी उचलली, त्याचंच दुखणं आहे असं ती म्हणत राहिली. मग मनगटं सुजली. शेवटी मी तिला डॉक्टर सबरवालबाईंकडे नेलं. बाई सांध्यांच्याच डॉक्टर आहेत. त्यांनी संधिवात सांगितला. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे, दुसरा, जो हाडं आतून कुरतडतो तो. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या झाल्या, त्यात एक सीआरपी. तो अठ्ठेचाळीस आला. शेजारी छापलं आहे की सहापेक्षा कमी हवा.

बाईंचं म्हणणं, आठवड्यातून एकदा घ्यायची जोरदार गोळी लगेच सुरू करावी. पण त्या गोळीबरोबर सारखं रक्त तपासावं लागतं, म्हणजे निदान तीन-चार महिने दिल्ली सोडता येणार नाही. आणि वासंतीला नोव्हेंबरच्या मध्यावर दिवस भरतात. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला आहे पोरीचा, तुला ठाऊक आहेच. या वेळी आई मस्कतला येणार या एका गोष्टीवर ती दिवस काढते आहे. कुमुदने डॉक्टरांपुढे हात जोडले. मग बाईंनी महिनाभर सौम्य गोळ्या दिल्या. महिन्याने सीआरपी चांगला उतरला तर जा, नाही उतरला तर जाणं रद्द, असं ठरलं.

मी माझ्या परीने कामाला लागलो आहे. सीआरपी म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. प्रोटीन वाढलं आहे, म्हणून घरातली डाळ, उसळ, अंडी, पनीर सगळं बंद केलं. कुमुद काही न बोलता भातावर ताक घेऊन जेवते. काय बाई आहे गं. दुखतं असं तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही मी. परवा जिन्यात जरा थांबली, तर म्हणे चपलेत खडा गेलाय.

तू अख्खा जन्म लॅबमध्ये काढलास. हे प्रकरण काय आहे ते मला समजेल असं लिही.

तुझा,
श्रीरंग

*

मिरज
१७ ऑगस्ट १९९८

भावोजी,

नमस्कार आणि तक्रार एकदमच. ताईची डाळ आजच्या आज सुरू करा. आमटी, उसळ, अंडं, जे काय तुम्ही कुलपात ठेवलंय ते सगळं बाहेर काढा. तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी सदनात उतरणाऱ्या मंत्र्या-सचिवांची पथ्यं सांभाळलीत आणि घरच्या बाईला उपाशी मारताय, कमाल आहे. सीआरपी नावाचं प्रोटीन ताटातून रक्तात जात नाही. ते आपलं यकृत बनवतं.

आता सावकाश वाचा. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृताला निरोप जातो आणि ते हे प्रोटीन रक्तात सोडायला लागतं. काही तासांत चढतं. दाह विझला की चार-सहा दिवसांत उतरतं. म्हणून डॉक्टरांना ते आवडतं, लगेच खबर देतं. पण खबर एवढीच की आग लागली आहे. कुठल्या घरात, कशाने, ते ही तपासणी सांगत नाही. दाढ किडली तरी वाढेल, न्यूमोनिया झाला तर शंभराच्या पुढे जाईल. ताईचा संधिवात सबरवालबाईंनी एकट्या सीआरपीवरून ठरवलेला नाही. सांधे चाचपून, बाकीच्या तपासण्या बघून ठरवला असणार. आजार किती पेटलेला आहे आणि औषधाने विझतोय का, हे बघायला सीआरपी.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या. त्या दिवशी सर्दी-ताप, जखम असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि एका आकड्यावर नाचू नका किंवा रडू नका, आधीचा आणि आताचा शेजारी ठेवून बघा. रक्त देण्याआधी उपाशी राहायचीही गरज नाही, कारण तुम्ही तेही करायला लावाल.

जिन्यातला खडा मला लहानपणापासून माहीत आहे. ताईच्या चपलेत तो नेहमी असतो. तिला म्हणावं, दुखलं की दुखलं म्हण.

तुमची मेहुणी,
उल्का

*

नोएडा
२० सप्टेंबर १९९८

मेहुणीबाई,

पेढे तिकडेच आणून खा, पैसे मी देईन. सीआरपी सात. अठ्ठेचाळीसचा सात. लॅब तीच, सर्दी नाही, ताप नाही, जखम नाही, आणि डाळ दोन्ही वेळा. तुझी एकही अट मोडलेली नाही. रिपोर्टच्या मी चार झेरॉक्स काढल्या, एक सोबत आहे.

डॉक्टरीणबाईसुद्धा चकित झाल्या. पुन्हा पुन्हा मनगट दाबून बघत होत्या. हळदीचं दूध, सकाळी पार्कात दोन फेऱ्या आणि शेजारच्या चंद्रप्रभाबाईंनी शिकवलेला प्राणायाम, असं मी त्यांना सांगितलं. त्या "अच्छा" एवढंच म्हणाल्या. कुमुद खाली बघून हसत होती. श्रेय घ्यायची सवयच नाही तिला.

आणि फरक नुसता कागदावर नाही हं. गेले आठ-दहा दिवस ही बाई बिल्कुल वेगळी आहे. मदर डेअरीची गाडी यायच्या आत उठलेली असते. माळे आवरून झाले, तांब्याची भांडी चिंचेने लख्ख झाली, बाळासाठी दुपटी शिवून झाली. दोन पोळ्या खाणारी चार खाते आणि वर भात घेते. झोप येत नाही म्हणते, पण थकत नाही. कालपरवापर्यंत मी तिच्या वेणीला रबर लावत होतो, परवा तिने हसत माझा हात बाजूला केला. उल्का, मी तीस वर्षं मोठमोठी माणसं जवळून बघितली. हिच्याएवढी जिद्द एकातही नव्हती. मनाने ठरवलं आणि आजाराला परत पाठवलं.

जावयांनी, जयंतरावांनी, व्हिसा पाठवला आहे. ३० ऑक्टोबरचं विमान. वासंती फोनवर रडली, आनंदाने.

श्रीरंग

*

मिरज
२८ सप्टेंबर १९९८

ताई,

हे पत्र फक्त तुला. भावोजींना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

त्यांचं पत्र वाचून आधी मला फार बरं वाटलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मी लॅबमध्ये हजारो रिपोर्टवर सही केली आहे, ताई. सौम्य गोळ्या आणि प्राणायाम यांनी महिन्यात सीआरपी थोडा उतरेल, अठ्ठेचाळीसचा सात होणार नाही. होतो तो एकाच औषधाने, स्टेरॉइडने. त्या औषधाने भूक सपाटून लागते, झोप उडते, अंगात बारा हत्तींचं बळ येतं आणि सुजलेले सांधे आठवड्याभरात मोकळे होतात. भावोजींना दर हिवाळ्यात दिल्लीच्या धुराने दमा चढतो, तेव्हा डॉक्टर त्यांना त्याच गोळ्या देतात. गेल्या जानेवारीत मी आले होते तेव्हा उरलेली पाकिटं फ्रिजवरच्या डब्यात तूच ठेवलीस.

मी चुकत असेन तर मला शिव्या घाल. चुकत नसेन तर ऐक. त्या गोळ्या वाईट नाहीत, डॉक्टरांच्या हातात त्या फार कामाच्या आहेत. पण तू एकटीने घेतल्यास त्या दाह दाबून ठेवतात आणि आकडा खाली दाखवतात. गोळी थांबली की सगळं परत येतं. हाड कुरतडणं आतल्या आत चालू असलं तरी तो सात बघून कोणी उपचार करणार नाही. एखादा ताप, एखादं इन्फेक्शनसुद्धा त्यात झाकलं जाईल. मस्कतला बाळ तुझ्या हातात असताना मनगटाने दगा दिला तर?

वासंतीला आई हवी आहे, मला माझी बहीण हवी आहे. रागावू नकोस. आणि रागावलीस तरी उत्तर लिही.

उल्का

*

नोएडा
१४ ऑक्टोबर १९९८

उल्के,

रागावले. खूप रागावले. तुझं पत्र आठवडाभर साडीच्या घडीत ठेवलं होतं. मनात म्हटलं, हिला काय जातंय मिरजेत बसून रिपोर्ट वाचायला. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण मीच लिहिते आहे. दोन दिवस लागले लिहायला.

तू म्हणतेस ते खरं आहे. रक्त द्यायच्या आधी दहा दिवस मी ह्यांच्या गोळ्या घेतल्या. मला काही फसवाफसवी वाटलीच नाही बघ. पाहुणे यायच्या आधी डागावर गालिचा ओढायचा, चादरी बदलायच्या, हे मी आयुष्यभर ह्यांच्या संसारात करत आले. साहेब येऊन बघून जातात, मग आपलं घर आपलंच असतं. तसंच वाटलं. तपासणीच्या दिवसापुरतं सगळं नीट दिसलं की झालं, बाकी मस्कतहून आल्यावर बघू. वासंतीला दुसऱ्या वेळी झालं तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोचले होते. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि मला बघून उठलीसुद्धा नाही. या वेळी आधी पोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गोळ्या संपल्या आणि पाच-सहा दिवसांत हात होता तसा झाला. नाही, त्याहून वाईट. परवा ह्यांनी हौसेने बाळाला मालिश कशी करायची ते उशीवर करून दाखव म्हटलं. मी उशी उचलली आणि ती माझ्या हातातून पडली. ह्यांनी हसून उचलून दिली. मला मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीला जाते म्हणून निघाले आणि रिक्षा करून सबरवालबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्या खुर्ची ओढून जवळ आल्या, माझी दोन्ही मनगटं हातात घेतली आणि म्हणाल्या, "कुमुदजी, मुझे नंबर को नहीं, आपको ठीक करना है।" मी तिथे पहिल्यांदा सांगितलं की दुखतंय. फार दुखतंय. सांगताना मला रडू आलं, लाज वाटली, आणि मग हलकं वाटलं. एक्स-रे काढला. उजव्या मनगटाचं हाड एका बाजूने खायला सुरुवात झाली आहे. रक्त पुन्हा दिलंय, रिपोर्ट उद्या येईल.

ह्यांना अजून सांगितलं नाही. त्या सातच्या झेरॉक्स इथल्या मराठी मंडळात दाखवून आलेत गं. आज जेवण झालं की सांगते.

ताई

*

नोएडा
२३ ऑक्टोबर १९९८

उल्का,

एकसष्ट.

या वेळी झेरॉक्स काढलेल्या नाहीत.

मी तिच्यावर चिडलो नाही असं लिहिलं तर तुझा विश्वास बसणार नाही. चिडलो. घरात इतकं दुखणं चालू होतं आणि मला कागदावर आनंद मिळत होता, याचा राग आला, आणि तो मी तिच्यावर काढला. म्हटलं, माझ्यापासून लपवलंस? ती म्हणाली, "तुम्ही इतके खूश होता, मोडवेना मला." मग मी बाल्कनीत जाऊन बसलो. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, ती जेवायला घरोघरी गेली तरी मी बसलो होतो.

आणि मग मला काय वाटलं सांगू? मागच्या पत्रात मी तिच्या जिद्दीचं कौतुक लिहिलं होतं, ते चुकीच्या गोष्टीचं होतं. सात आणणं ही जिद्द नव्हती. एकटीने रिक्षा करून जाणं, डॉक्टरांपुढे बसून मी गोळ्या घेतल्या म्हणून सांगणं, आपल्या तोंडाने आपलं जाणं रद्द करून घेणं, ही जिद्द. माझ्यात नाही एवढी हिंमत. ऑफिसात कधी चहाच्या कपाचा हिशेब चुकला तरी मी शिपायाचं नाव पुढे करायचो.

जोरदार गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी, सुरू झाली. रक्त पंधरा दिवसांनी. मस्कत बंद. वासंतीला फोन तिनेच केला. मी दाराशी उभा होतो. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग कुमुद म्हणाली, "नाही गं, तू नीट राहा, मी नीट होते." एवढंच.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि मी म्हणालो, मी जातो. ती पातेलं घेऊन उभी राहिली. म्हणाली, कुठे? मी म्हटलं, बाळंतपणाला. एप्रिलनंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, बसा, आणि डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगायला लागली.

चलो, ठरलं. जयंतरावांनी व्हिसा माझ्या नावाने करून दिला. चंद्रप्रभाबाईंच्या नातवाला गेले तीन दिवस मी आंघोळ घालतो आहे. पहिल्या दिवशी तो आणि मी दोघेही ओरडत होतो. डॉक्टरही म्हणाल्या की दिल्लीच्या हिवाळ्यापेक्षा मस्कत माझ्या दम्याला बरं. अट एकच. इथे तिच्याजवळ तू हवीस. रविवारी गोळी, बाकीचे दिवस नुसती बहीण. दादर एक्स्प्रेस, राजधानी, काय हवं ते पकड. तिकीट मी काढतो.

श्रीरंग

*

मस्कत
२ डिसेंबर १९९८

प्रिय कुमुद,

फोनवर सगळं सांगून झालं आहे, तरी लिहितो, कारण फोनवर वासंती शेजारी असते आणि तिच्यासमोर तिचं कौतुक केलं की ती चिडते.

नात अठरा दिवसांची झाली. वासंतीची तब्येत उत्तम. हॉस्पिटलात केरळच्या नर्सने विचारलं, आजी कुठे आहेत? मी म्हटलं, दिल्लीत उपचार घेताहेत, त्यांच्या जागी मी. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दुपटं कसं गुंडाळायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे दुसऱ्या बाळाच्या आजीला शिकायला पाठवत होती. थाप वाटेल तर वासंतीला विचार.

आयुष्यभर मंत्री, सचिव, त्यांचे मेहुणे सगळ्यांची सरबराई केली. ही सव्वा हाताची बाई सगळ्यांचा बाप आहे. वेळ सांगत नाही, काय हवं सांगत नाही, आणि नाही मिळालं तर पूर्ण इमारत जागी करते. सकाळी दहाला आंघोळ. तू सांगितलंस तसं आधी पायावर पाणी, मग अंगावर, डोकं शेवटी. लाडवातला डिंक पहिल्यांदा जळला, दुसऱ्यांदा फुलला. जयंतराव हळूहळू स्वयंपाकघरात यायला लागले आहेत. मी त्यांना गवार मोडायला बसवलं.

काल वासंती म्हणाली, बाबा, आई आली असती तर काही न सांगता सगळं केलं असतं आणि परत जाऊन आजारी पडली असती. मला कळलंच नसतं. मग बाळाकडे बघत म्हणाली, तिने मला खरं सांगितलं तेव्हा मी फोनवर काही बोलले नाही, कारण मला फार अभिमान वाटत होता आणि रडू येत होतं. हे तुला सांगायचं नाही असं तिने बजावलं आहे, म्हणून लिहितो.

आता तुझं. या आठवड्यात रक्त असेल. रिपोर्टची प्रत पाठवायची नाही. उल्कालाही लिहायला लावू नकोस. तू लिहिशील तो आकडा माझा आकडा.

तुझा,
श्रीरंग

*

नोएडा
१५ डिसेंबर १९९८

अहो,

पत्र दोन बैठकींत लिहिलं आहे. मधल्या वेळात उल्का चहा करते आणि तुमच्या नावाने खडे फोडते, की भावोजींनी साखरेच्या डब्यात मीठ ठेवलंय. मला तिचं असणं फार बरं वाटतं. गोळी घेतल्यावर सोमवारी मळमळतं. बाकीचे दिवस ठीक जातात. सकाळी मूठ अजून पूर्ण मिटत नाही, पण पाऊण मिटते. काल वेणी माझी मी घातली, थोडी सैल झाली.

हल्ली उल्का विचारते, ताई, दुखतंय का? मी म्हणते, हो, दुखतंय. आणि ती गरम पाण्याची पिशवी आणून देते. इतकं सोपं होतं ते.

मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या तयारीच्या बैठकीला गेले होते. सुनीतीबाईंनी विचारलं, वासंतीकडे कोण गेलंय? सासू का? आधी कोणी असं विचारलं की मी खाली बघून कसंबसं सांगायचे. काल मान वर करून म्हटलं, आमचे हे गेलेत. आंघोळ घालतात, लाडू करतात, रात्री बाळ घेऊन फिरतात. मग सगळ्या एक एक करून आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलायला लागल्या, ते इथे लिहीत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही मला दिल्ली दाखवायला नेलंत तेव्हाही तुमचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं. ते तेव्हा सांगितलं नाही, हे आता सांगते.

आता आकडा. चौतीस.

उल्का म्हणते, एकसष्टावरून उतरतोय म्हणजे औषध लागू पडतंय, डॉक्टरही खूश आहेत. पण सहाच्या खाली जायला अजून वेळ आहे, आणि गोळीचा डोस वाढवलाय. मी कशानेही तो खाली ओढलेला नाही. माझ्या अंगात आज आहे तेवढाच आहे.

वासंती माझं मार्चचं तिकीट काढू म्हणत होती. तिला सांगा, अजून काढू नकोस. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी मी फोन करीन, आणि तोवर नातीला तुमच्याकडेच राहू दे. तिला सवय झाली असेल तुमची.

तुमची,
कुमुद